काट्यांचं नको, खऱ्या फुलांचं घड्याळ लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या गावची एक छोटी बातमी होती, की इथल्या मोठ्या बागेत फुलांचं घड्याळ बसवणार आहेत. गोल वाफा, त्यात झेंडू, पेटुनिया अशी सीझनची रोपं, मधे लोखंडी काटे, खाली मोटार आणि रात्री एलईडीची लाइट. वाचून आधी बरंच वाटलं, फुलं आणि वेळ हे दोन्ही कुणाच्या तरी मनात एकत्र आले म्हणून, पण नंतर तो विषय डोक्यातून जाईचना, कारण त्या घड्याळात वेळ सांगणार मोटार आणि फुलं नुसती शोभेला. खरं फुलांचं घड्याळ वेगळं असतं. त्यात काटे नसतात, फुलंच आपापल्या वेळेला उमलतात नि मिटतात आणि कुठलं उघडलंय कुठलं मिटलंय ते बघून किती वाजले ते कळतं. असं घड्याळ आपल्याकडे अगदी होण्यासारखं आहे, त्याला लागणारी निम्मी रोपं तर लोकांच्या परसात आधीच आहेत, आणि ह्याच पावसाळ्यात सुरुवात करता येईल, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, जागेप्रमाणे कापा, पण फुलांच्या वेळा तेवढ्या राहू द्या.

काट्यांच्या घड्याळाला माझा विरोध नाही हे आधी सांगते. स्कॉटलंडमधे एडिंबराच्या बागेत १९०३ साली पहिलं असं घड्याळ झालं, जिनिव्हाचं १९५५ चं आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, आपल्याकडे बंगळुरूच्या लालबागेत आहे. छानच दिसतात ती. पण त्यातली रोपं दर काही महिन्यांनी उपटून नवी लावावी लागतात, त्यांना फुलायचं आणि शिस्तीत कापून घ्यायचं एवढंच काम, आणि मोटार बिघडली की घड्याळ बंद. आमच्या त्याच बागेतलं कारंजं मोटार जळल्यापासून कोरडं पडलंय, त्यात पावसाचं पाणी साचून डास होतात. तिथेच आणखी एक मोटारवालं काही बसवण्याआधी थोडा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

खऱ्या फुलघड्याळाची कल्पना स्वीडनच्या कार्ल लिनियसची. वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्यानं रुळवली तोच हा. १७५१ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं अप्साला गावात कुठलं फूल किती वाजता उघडतं नि किती वाजता मिटतं ह्याची यादीच दिली आणि म्हटलं की अशी फुलं क्रमानं लावली तर ढगाळ दिवसातही घड्याळाशिवाय वेळ सांगता येईल. त्यातलं सगळ्यात कामाचं काय तर त्यानं फुलांचे तीन गट पाडले. एक गट हवामानाप्रमाणे वागणारा, ऊन असेल तर उघडणार, आभाळ असेल तर आळस करणार. दुसरा दिवस लहान-मोठा होतो त्याप्रमाणे वेळ बदलणारा. आणि तिसरा गट वर्षभर आपली वेळ पाळणारा. घड्याळाला हा तिसरा गट घ्यायचा असं तो म्हणतो. त्यानं स्वतः अशी बाग प्रत्यक्ष लावल्याचं मात्र दिसत नाही, आणि त्याच्यानंतर युरोपात काही बागांमधून लोकांनी प्रयत्न केले ते फारसे जमले नाहीत कारण तिकडची बरीच फुलं हवेबरोबर वेळ बदलतात.

आता बघा, अप्साला ६० अंश उत्तरेला आहे. तिथे जूनमधे दिवस साडेअठरा तासांहून मोठा आणि डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा. एवढी ओढाताण असेल तर फुलानं वेळ पाळायची तरी कशी. आपल्याकडे सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वात लहान अकराच्या आसपास, म्हणजे वर्षभरात फरक फार तर सव्वादोन तासांचा. म्हणजे लिनियसला जे हवं होतं ते खरं तर आपल्या अक्षांशावर सोपं आहे. आणि तरी आपण इथे मोटार आणतोय!

आपल्या फुलांचं म्हणाल तर मी सुरुवात दोडक्यापासून करीन, गुलाबापासून नाही. आमच्या मागच्या अंगणात एकाच मांडवावर दोडका आणि घोसाळं दोन्ही चढवलेत. दोघं सख्खे भाऊ, पानं ओळखताना नवा माणूस गोंधळतो, पण वेळेत बारा तासांचं अंतर. घोसाळं पहाटे उघडतं, उजाडताना बघितलं तर मोठं गडद पिवळं फूल पूर्ण पसरलेलं असतं आणि त्यावर मधमाश्या आणि मुंग्या. दोडक्याचं फूल त्या वेळी गळालेलं, कालचं. दोडका उमलतो तो संध्याकाळी, पाच-साडेपाचनंतर. कळी हिरवट पिवळी असते, पाकळ्या आत चुरगाळून ठेवल्यासारख्या, मग एक कड सुटते, थोड्या वेळानं दुसरी, सुरकुत्या तशाच राहतात, आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहिलं तर पूर्ण फूल डोळ्यांदेखत उघडलेलं असतं. रंग फिकट, लिंबाच्या सालीपेक्षाही फिका, म्हणून अंधारात दिसतो. वास अगदी मंद. अंधार पडला की पतंग येतात. सासूबाई कधी घड्याळाकडे बघायच्या नाहीत, दोडका फुलला की दिवा लावायच्या. हे सगळं मांडवाखाली उभं राहून बघता येतं, तिकीट नाही काही नाही, पण हल्लीच्या मुलांना दोडका झाडाला येतो की वेलीला हेच विचारावं लागतं.

ह्याच भाजीच्या मांडवावर घड्याळाचे निम्मे आकडे मिळतात. तांबडा भोपळा पहाटे उघडतो आणि दहा-अकराला बंद, म्हणून ज्यांना हातानं परागीकरण करायचं असतं ते सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलावर फिरवतात, नऊनंतर केलं तर उपयोग नसतो. कारलं सकाळी. भेंडी सकाळी, ते पिवळं फूल मधे जांभळा डोळा असलेलं, दुपारपर्यंत मान टाकतं. दुधी मात्र संध्याकाळी पांढरा होतो, आणि पडवळ तर बघायलाच हवं. त्याच्या पाकळ्यांच्या कडांना पांढरे धागे असतात, ते कळीत गुंडाळून ठेवलेले असतात आणि दिवेलागणीनंतर ते एकेक करून मोकळे होतात, पूर्ण उलगडल्यावर क्रोशाची झालर लावल्यासारखं फूल दिसतं. सकाळी साडेआठला बघाल तर एक चिमूटभर लगदा. ज्यांनी वर्षानुवर्षं पडवळ खाल्लंय त्यातल्या किती जणांनी हे फूल उघडं पाहिलंय? बाजारात तर ते कुणी दाखवत नाही.

मग नेहमीची बागेतली फुलं. पहाट झाली की प्राजक्ताचा सडा, तो संध्याकाळी उमलतो आणि सूर्य यायच्या आत गळतो, म्हणजे झाडाखाली फुलं पडलीत आणि अजून ताजी आहेत तर सहा-साडेसहा समजावं. कमळ उजाडताना उघडतं आणि दुपारकडे मिटतं, असं तीन-चार दिवस, संध्याकाळी मिटलेल्या कमळात भुंगा अडकल्याचे श्लोक आपण शाळेत पाठ केलेत. गणेशवेलीचे लाल तारे आणि मॉर्निंग ग्लोरीचे निळे भोंगे सकाळी, अकरापर्यंत भोंगा वळकटी होऊन आत ओढला जातो. कुंपणाच्या कडेला आपोआप येणारा केना, ज्याची भाजी करतात, त्याचं इवलंसं निळं फूलही सकाळीच, दुपारी शोधून सापडत नाही. नऊ-दहाला ऑफिस टाइम. हे नाव सगळ्यांना माहीत आहे, चिनी गुलाबही म्हणतात, गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत हमखास असतं, कडक ऊन लागलं की उघडणार आणि दोन-तीनला मिटणार. बाराला ‘दुपारी’, हे फुलाचंच नाव. लाल रंगाचं, जुन्या पुस्तकांत बंधूक म्हणतात ते, पूर्वी पावसाळ्यानंतर अंगणात सर्रास असायचं, आता नर्सरीत मागितलं तर पोरं तोंडाकडे बघतात. ते माध्यान्हीला उमलतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गळतं, इतकी नेमकी वेळ पाळणारं फूल आपल्याकडे आहे आणि ते आपण हरवून बसायच्या बेतात आहोत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. चार-साडेचारला गुलबक्षी. पाचला दोडका. सहा-सातला जाई, जुई, दुधी, पडवळ. आठनंतर रातराणी, ती बघायची नसतेच, वासावरून कळते. आणि नऊ ते अकरा ब्रह्मकमळ, आपल्या कुंड्यांत असतं ते, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपलं हे मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या घराण्यातलं. कळी खाली लोंबत असते, संध्याकाळी वर उचलली की समजायचं आज रात्री फुलणार, मग शेजारपाजारच्यांना फोन जातात, हळदकुंकू वाहतात, सगळे खुर्च्या टाकून बसतात, आणि सकाळी सहाला ते फूल ओलं फडकं झालेलं असतं. रात्री एकपासून पहाटे तीनपर्यंतच्या वेळेला देण्यासारखं फूल माझ्या यादीत नाही, कुणाला माहीत असेल तर तुमच्या पेपरात कळवावं.

तीच वेळ का, हे मला दहावीच्या मुलांनी फार वेळा विचारलंय. मी शाळेत विज्ञान शिकवलं, आता रिटायर्ड आहे. एक उत्तर सोपं, ज्याचा जो गिऱ्हाईक त्याप्रमाणे दुकानाची वेळ. मधमाशी सकाळी फिरते म्हणून घोसाळं सकाळी आणि भडक, पतंग अंधारात फिरतो म्हणून दोडका, जाई, रातराणी संध्याकाळी आणि पांढरी किंवा फिकी, रंगापेक्षा वासावर भर. दिवसभर फूल उघडं ठेवलं तर पराग वाया, मध वाया, पाण्याचीही वाफ होते. दुसरं उत्तर जास्त भारी आहे. १७२९ साली फ्रान्समधे द मेरां नावाच्या माणसानं लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं आणि पाहिलं, तर सूर्य नसतानाही त्याची पानं सकाळी उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे ते सूर्याकडे बघून चालत नव्हतं, घड्याळ आतच होतं, सूर्य फक्त रोज ते लावून देतो. पुढे १८३२ मधे द कांदोल ह्या शास्त्रज्ञाला दिसलं की सतत एकसारख्या उजेडात ठेवलेली लाजाळू २४ तासांचा नाही तर २२-२३ तासांचा दिवस पाळते, म्हणजे आतलं घड्याळ थोडं पुढे पळतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ह्याच विषयाला मिळालं, तिथे अभ्यास फळमाशीवर होता, पण प्रश्न तोच, की शरीराच्या आत वेळ कोण मोजतं.

आणि ह्या सगळ्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, अलेक्झांडरच्या आरमारातला अँड्रोस्थेनिस हा अधिकारी आत्ताच्या बहारीन बेटावर गेला होता, तिथे एका झाडाची पानं रात्री मिटतात आणि उजाडल्यावर उघडतात असं त्यानं लिहून ठेवलं, आणि तिथले लोक म्हणतात की झाड झोपतं हेही. ते झाड चिंचेचं असावं असं अभ्यासक मानतात. आपल्या घरात तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू देत नाहीत, फूल तोडू देत नाहीत, झाड झोपलंय म्हणतात, ते मला हे वाचल्यावर फार आपलं वाटलं. चिंच, शिरीष, लाजाळू, रानात पावसाळ्यात माजणारा टाकळा, ह्या सगळ्यांची पानं संध्याकाळी जोडीनं मिटतात. मुंबईत रस्त्याकडेला जे मोठे पर्जन्यवृक्ष आहेत त्यांचीही मिटतात, आभाळ भरून आलं तरी मिटतात. म्हणून घड्याळात फुलांबरोबर पानंही घ्यावीत, एक लाजाळूचा वाफा आणि कडेला टाकळा, फुकट येतो तो.

एक गंमत शिक्षक म्हणून सांगते, वर्गात ही फार चालते. आपली सगळ्यांची मनगटावरची वेळ एक, पण सूर्याची वेळ एक नाही. स्टँडर्ड टाइम साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलाय, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून मुंबईचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३९ मिनिटांनी होतो, आणि नागपूरचा साधारण १४ मिनिटांनी. म्हणजे तेच दुपारीचं फूल मुंबईत आणि नागपुरात लावलं, तर नागपूरचं मोबाईलच्या वेळेनं साधारण २५ मिनिटं आधी उमलायला हवं, कारण फूल सूर्य बघतं, मोबाईल नाही. मुंबईकरांनी तर ही ३९ मिनिटं सोडायला फार वेळ लावला, १९०६ साली स्टँडर्ड टाइम आला तरी तिथे बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत वापरात होता. मुंबईची एक शाळा आणि नागपूरची एक शाळा, दोघांनी एकाच नर्सरीतून रोपं नेली आणि एकाच आठवड्यात वेळा लिहिल्या तर मुलांना रेखांश पुस्तक न उघडता कळेल. लग्नात आपण आजही घटिका मोजतो, २४ मिनिटांची एक, पाण्यात बुडणारी वाटी ठेवून, म्हणजे सूर्यावरून आणि पाण्यावरून वेळ मोजायची सवय काही फार लांब गेलेली नाही.

आता प्रत्यक्ष बाग करायची तर काय लागेल. गोल आखायचा, बारा भाग करायचे, हे सगळेच करतात, पण फुलांना गोलाचं काही नाही, त्यांना ऊन आणि मांडव लागतो. पूर्वेकडची मोकळी जागा सकाळच्या फुलांना आणि ऑफिस टाइमला, तिथे सावली नको. वेलांना मांडव किंवा जाळी. कमळाला एक सिमेंटची टाकी, त्यात गप्पी मासे सोडायचे म्हणजे डास नाहीत, ते बंद कारंजंच ह्याला वापरता येईल, मोटार दुरुस्तीसुद्धा नको. संध्याकाळच्या फुलांचा भाग बागेच्या ज्या कोपऱ्यात दिव्याचा खांब नाही तिथे. हे फार महत्त्वाचं आहे. एलईडीच्या झोतात पतंग दिव्याभोवतीच फिरत बसतात, फुलाकडे जातच नाहीत. प्रत्येक वेळेला एकच जात लावून चालणार नाही, दोन-तीन हव्यात, कारण ऑफिस टाइम ढगाळ दिवशी रुसतो, गुलबक्षी उलट अंधारून आलं की लवकर उघडते, हे लिनियसच्या पहिल्या गटातले झाले. श्रावणात ह्या दोघांवर विसंबलं तर घड्याळ चुकणार, म्हणून त्यांच्या शेजारी दोडका आणि दुपारी हवेत. धोतरा संध्याकाळी फार सुंदर उमलतो पण मुलांच्या बागेत नको, विषारी आहे. फवारणी करायची नाही, निदान फुलं उघडी असताना तरी. आणि वर्षभर घड्याळ तेच राहणार नाही हे आधीच मान्य करावं, श्रावण ते आश्विन ते भरलेलं असेल, प्राजक्त, दुपारी, भाज्या सगळे एकदम, उन्हाळ्यात मोगरा आणि ऑफिस टाइमवर चालेल, थंडीत बरेच आकडे रिकामे. रिकामे राहू देत, तिथे विकतची सीझनल रोपं आणून भरू नका.

माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं वेळेचंच आहे. आमच्याकडची बाग सकाळी दहाला बंद होते, चारला उघडते आणि रात्री आठला परत कुलूप. म्हणजे ऑफिस टाइम उघडायच्या वेळेला माणसं बाहेर, ‘दुपारी’ उमलते तेव्हा गेट बंद, ब्रह्मकमळाचा तर प्रश्नच नाही. बऱ्याच गावांत हीच वेळ आहे. कारण सांगतात की दुपारी कॉलेजची मुलं बसतात आणि माळ्यांची जेवणाची सुट्टी असते. मुलं बसली तर बसू देत, झाडाखालीच बसणार ना. निदान घड्याळाचा भाग दिवसभर उघडा ठेवा, आणि श्रावण-भाद्रपदात महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री अकरापर्यंत, एक वॉचमन जास्त लागेल तेवढंच. दुसरं म्हणजे झाडलोट. प्राजक्ताखालचा सडा सहा वाजता खराट्यानं गोळा करून कचऱ्याच्या गाडीत जातो, तो आठपर्यंत राहू द्या, सकाळी फिरायला येणारे लोक तेच तर बघायला येतील.

आणि एक वही हवी. हे मी आग्रहानं सांगते कारण वहीशिवाय हे घड्याळ अर्धं आहे. लिनियसची यादी अप्सालाची, ती आपल्याला चालत नाही, आणि मी वर दिलेल्या वेळा आमच्या अंगणातल्या, कोकणात वेगळ्या पडतील, विदर्भात वेगळ्या. प्रत्येक गावानं आपली यादी स्वतः बनवायला हवी आणि हे काम सातवी-आठवीची मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, मी करून घेतलंय. एक मूल एक झाड, फूल पूर्ण उघडलं ती वेळ, मिटलं ती वेळ, ऊन की ढग की पाऊस, बस एवढंच लिहायचं. आठवडाभरात मुलं भांडायला लागतात की माझी गुलबक्षी तुझ्या गुलबक्षीच्या आधी का उघडली, मग एक भिंतीच्या सावलीत आहे हे त्यांचं त्यांनाच सापडतं, आणि ते सांगताना त्यांचे चेहरे बघावेत. शेतकऱ्यांच्या मुलांकडे तर आधीच माहिती असते, भाताचा फुलोरा सकाळी दहा-अकराच्या सुमाराला उघडतो म्हणून त्या वेळेला शेतात औषध मारत नाहीत, भुईमुगाचं फूल उजाडताना उघडतं, कापसाचं आज पांढरट पिवळं असलेलं फूल उद्या गुलाबी होतं, हे मला मुलांनी सांगितलंय. पण वर्गात ह्या ज्ञानाला मार्क नसतात म्हणून ती बोलत नाहीत. बागेतल्या फलकावर आठवड्याच्या वेळा खडूनं लिहायला ह्या मुलांना बोलावलं तर त्यांच्या घरच्या माहितीला गावात मान मिळेल, मला ह्या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त हवी आहे.

मे संपत आलाय. दोडका, घोसाळं, दुधी, पडवळ, भेंडी ह्यांचं बी पहिल्या पावसाला टाकलं तर श्रावणात फुलं दिसतील, गुलबक्षी आणि गणेशवेल बियांपासून झटकन येतात, ऑफिस टाइमची काडी मोडून लावली तरी लागते, प्राजक्त आणि जाईजुईला मात्र वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतील. दुपारीचं बी मिळणं अवघड आहे, ज्या वाचकांच्या घरी ते अजून आहे त्यांनी ह्या वर्षी सगळं झडू न देता थोडं काढून ठेवावं अशी विनंती. काट्यांच्या घड्याळाचं टेंडर निघून गेलं असेल तर ते गेटजवळ बसवा, हरकत नाही, पण पूर्वेचा पट्टा आणि ते बंद कारंजं आमच्या शाळेच्या मुलांकडे एका पावसाळ्यापुरतं द्या. मांडवाचे बांबू आणि बी-बियाणं आम्ही काही माजी शिक्षक मिळून आणू, महापालिकेनं फक्त पाण्याचा नळ आणि दुपारची किल्ली द्यावी. माझा पत्ता नि फोन तुमच्या ऑफिसात दिलाय, बागेच्या खात्यातलं कुणी विचारायला आलं तर जरूर द्या, गुलबक्षीचं बी तर एक बरणी भरून आत्ताच तयार आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका